जपान आणि ब्रिटन एकमेकांशी लढत होते, तेव्हाच टोकियोत एका इंग्रज मास्तरची डिक्शनरी छापून आली

विषय सुरू झाला एका साध्या मेसेजवरून.

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. ऑफिसच्या ग्रुपवर रविवारी कोण काम करणार अशी विचारणा झाली. जरा भाव खावा म्हणून मी इंग्रजीत टाइप केलं, ‘आय ऑलवेज ॲम अव्हेलेबल’. दोन मिनिटांत एका सीनियरने पर्सनलवर कळवलं, की ‘ऑलवेज’ हा शब्द ‘ॲम’च्या नंतर टाक.

मी मुकाट्याने मेसेज एडिट केला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला.

‘आय ऑलवेज वर्क’ बरोबर. मग ‘आय ऑलवेज ॲम’ का चुकीचं? ‘वर्क’ पण क्रियापद, ‘ॲम’ पण क्रियापद. एकाच्या आधी ‘ऑलवेज’ चालतं, दुसऱ्याच्या नंतर लागतं. हा भेदभाव कशासाठी?

आता खरं सांगायचं तर हा नियम कोणी बसून ठरवलेला नाही. इंग्रज लोक पिढ्यानपिढ्या असंच बोलत आलेत. त्यांना हे शिकवावं लागत नाही, जसं आपल्याला ‘ती गेली’ आणि ‘तो गेला’ शिकवावं लागत नाही. पण ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना हे कोण सांगणार?

याच प्रश्नावर आयुष्य घालवलेला एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव आपल्यातल्या कित्येकांच्या घरात आहे. कपाटात, बारावीच्या गाइडांच्या शेजारी, जाडजूड डिक्शनरीच्या पहिल्या पानावर.

ए. एस. हॉर्नबी. पूर्ण नाव अल्बर्ट सिडनी हॉर्नबी.

साहित्य शिकवायला गेले आणि अडकले

हॉर्नबी यांचा जन्म १० ऑगस्ट १८९८ चा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून त्यांनी इंग्रजी साहित्यात पदवी घेतली. पंचविशीतला तरुण, हातात साहित्याची डिग्री, पुढे काय करायचं हा प्रश्न. तेव्हा जपानमधून बोलावणं आलं.

१९२४ साली हॉर्नबी जपानला पोहोचले. टोकियोला नाही, तर पार दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर, ओईता नावाच्या शहरात. तिथे व्यापाराचं उच्च शिक्षण देणारी एक सरकारी संस्था होती. तिथल्या पोरांना इंग्रजी साहित्य शिकवायचं, असं काम होतं.

इथे पहिली गडबड झाली.

समोर बसलेली पोरं हुशार होती. त्यांनी शाळेत अनेक वर्षं इंग्रजी घोकलेलं होतं. शब्द पाठ होते, व्याकरणाचे नियम पाठ होते, इंग्रजी उतारा दिला तर जपानीत अर्थ सांगू शकत होती. पण स्वतःहून एक वाक्य बोलायचं म्हटलं की गाडी अडायची. ही पोरं उद्या व्यापारात जाणार, परदेशी कंपन्यांना पत्रं लिहिणार. त्यांना जुन्या कवींची नाही, चालत्या-बोलत्या इंग्रजीची गरज होती.

हॉर्नबींच्या लक्षात आलं की आपण ज्या कामासाठी आलोय ते काम या पोरांच्या कामाचं नाहीये.

बरेच लोक अशा वेळी पोरांना दोष देतात. यांना जमत नाही, यांची कुवत नाही, असं म्हणून मोकळे होतात. हॉर्नबींनी उलटं केलं. साहित्य बाजूला ठेवलं आणि भाषा कशी शिकवायची याचा अभ्यास सुरू केला. पंचविशी ओलांडल्यावर, घरापासून हजारो किलोमीटर लांब, स्वतःच्याच मातृभाषेकडे परक्या माणसाच्या नजरेने बघायला लागले.

टोकियोतला गुरू

त्याच काळात टोकियोत आणखी एक इंग्रज माणूस याच कामाला लागलेला होता. हॅरॉल्ड पामर.

पामर यांची गोष्ट पण भारी आहे. ते बेल्जियममध्ये भाषांची शिकवणी चालवायचे. १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियमवर चालून आलं आणि पामर यांना सगळं सोडून पळावं लागलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते शिकवत होते. १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याचे भाषा सल्लागार म्हणून ते टोकियोत आले आणि १९२३ मध्ये इंग्रजीच्या अध्यापनावर संशोधन करणारी एक संस्था तिथे उभी राहिली. पामर तिचे प्रमुख.

पामर यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भाषा म्हणजे सुट्या शब्दांची थैली नाही. शब्द ठरावीक सोबत्यांबरोबर, ठरावीक साच्यात येतात. ते साचे सापडले की शिकणाऱ्याचं काम सोपं होतं.

ओईतातून हॉर्नबी या संस्थेशी जोडले गेले. १९३० च्या दशकात ते पामर यांच्या संशोधनात थेट सामील झाले आणि टोकियोला आले. कोणता शब्द कोणाबरोबर येतो, शिकणाऱ्याला सुरुवातीला कोणते शब्द द्यावेत, अशा याद्या करण्याचं किचकट काम सुरू झालं. १९३७ मध्ये दोघांच्या नावावर हजार शब्दांच्या इंग्रजीचं एक पुस्तकही आलं.

लक्षात घ्या, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. एका क्लिकवर लाखो वाक्यं शोधून देणारं काही नव्हतं. जे काही होतं ते कागद, पेन आणि कान. आपण रोज बोलतो ते थांबून ऐकायचं, लिहून काढायचं आणि त्यात नियम शोधायचा.

आता येतो आपला ‘ऑलवेज’

पामर यांनी इंग्रजी क्रियापदांची एक टोळी वेगळी काढली होती. एकूण चोवीस रूपं. ॲम, इज, आर, वॉज, वेअर. मग हॅव, हॅज, हॅड. डू, डझ, डिड. शॅल, शुड, विल, वुड, कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, ऑट, नीड, डेअर आणि यूज्ड.

मोजून बघा, बरोबर चोवीस भरतात.

ही टोळी बाकीच्या क्रियापदांसारखी वागत नाही. कशी ते बघा.

पहिली गोष्ट, नकार करायचा तर यांना थेट ‘नॉट’ जोडता येतं. ‘ही इज नॉट’ चालतं, ‘ही कम्स नॉट’ चालत नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारायचा तर ही मंडळी उडी मारून पुढे येतात. ‘इज ही?’ चालतं, ‘कम्स ही?’ चालत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरची चूक. ऑलवेज, ऑफन, नेव्हर, युज्वली, सेल्डम असे किती वेळा ते सांगणारे शब्द या टोळीच्या नंतर येतात आणि बाकी क्रियापदांच्या आधी.

म्हणून ‘ही इज ऑलवेज लेट’. पण ‘ही ऑलवेज कम्स लेट’.

‘शी कॅन नेव्हर रिमेंबर’. पण ‘शी नेव्हर रिमेंबर्स’.

म्हणजे एकच चावी, तीन कुलपं. जो शब्द ‘नॉट’ला चिकटू देतो आणि प्रश्नात पुढे उडी मारतो, तोच शब्द ‘ऑलवेज’ला आपल्या मागे उभं करतो. नियम वेगवेगळे पाठ करायचे नाहीत. एक टोळी ओळखायची. (‘हॅव’ आणि ‘डू’ कधी टोळीत असतात, कधी साध्या क्रियापदासारखे वागतात. ‘आय ऑलवेज हॅव टी’ मधला ‘हॅव’ म्हणजे पिणं, म्हणून तिथे ‘ऑलवेज’ आधी आला.)

मराठी माणसाची इथे हमखास गोची होते, आणि त्याला कारण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. ‘तो नेहमी उशिरा येतो’, ‘तो नेहमी तयार असतो’. दोन्हीकडे ‘नेहमी’ क्रियापदाच्या आधीच. आपल्या भाषेत ही टोळी वेगळी नाहीच. मग इंग्रजीत बोलताना आपण सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो आणि ‘आय ऑलवेज ॲम’ टाइप करून मोकळे होतो.

यात बुद्धीचा काही संबंध नाही. आपली भाषा आपल्याला जी सवय लावते, ती घेऊन आपण दुसऱ्या भाषेत जातो. ओईतातल्या पोरांचंही काहीसं असंच होतं, कारण जपानीतही क्रियापद शेवटी येतं.

अपवाद आहेतच. जोर द्यायचा असेल तर इंग्रज माणूस ‘ही ऑलवेज इज लेट’ म्हणतो आणि ‘इज’वर आवाज चढवतो. म्हणजे साहेब रोजच उशिरा येतात, आज नवीन काय, असा वैताग. आणि छोट्या उत्तरात ‘येस, ही ऑलवेज इज’ हेच बरोबर. कारण पुढे काही उरलेलंच नाही, ‘इज’ शेवटी एकटा उभा आहे. म्हणजे माझा मेसेज एखाद्या भांडणात शोभला असता. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात नाही.

‘बॉस इज इन’ आणि पंखा चालू आहे

‘बी’ या क्रियापदाची आणखी एक गंमत आहे.

‘बॉस इज इन.’ ‘बॉस इज आऊट.’ ‘द लाइट इज ऑन.’ ‘टाइम इज अप.’ ‘द मॅच इज ओव्हर.’ ‘आय ॲम बॅक.’ ‘आय ॲम ऑफ.’

यातलं एकही वाक्य अवघड नाही. चौथीतल्या मुलाला यातला प्रत्येक शब्द माहिती असतो. पण शब्दाचा अर्थ डिक्शनरीत बघून वाक्य लावायला गेलं तर काय होतं? ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ वर आहे. ‘आय ॲम ऑफ’ म्हणजे मी बंद आहे.

इथे ‘इज’ काहीच काम करत नाही. सगळी बातमी त्याच्या मागून येणाऱ्या छोट्याशा शब्दात असते. ‘अप’ म्हणजे संपला. ‘ऑफ’ म्हणजे निघालो. ‘इन’ म्हणजे जागेवर आहेत. मराठीत आपण नुसतं ‘साहेब आहेत का?’ असं विचारतो, कुठे ते सांगायची गरज पडत नाही. इंग्रजीत ‘इज द बॉस?’ एवढ्यावर थांबलात तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल. ‘इन’ लागतोच.

पण म्हणून ‘इज’च्या मागे कुठलाही क्रियाविशेषण उभा करता येत नाही. ‘ही रन्स क्विकली’ चालतं, ‘ही इज क्विकली’ चालत नाही. कुठे आहे, आत की बाहेर, सुरू की बंद, हे सांगणारे शब्द ‘इज’नंतर वाक्य पूर्ण करतात. कसं केलं हे सांगणारे ‘ली’वाले शब्द एकटे ते करू शकत नाहीत, कारण ‘इज’मध्ये काही करणंच नाहीये. तिथे ‘ही इज क्विक’ असं विशेषण लागतं.

आता विचार करा. नेहमीच्या डिक्शनरीत हे कुठे सापडणार होतं? इंग्रजांसाठी केलेल्या डिक्शनरीत अवघड शब्दांचे अर्थ असायचे. ‘इज’ आणि ‘इन’ कसे वापरायचे हे इंग्रज माणसाला सांगायची गरजच नव्हती.

हॉर्नबींना हीच फट दिसली.

अर्थ सांगणारी नाही, वापर सांगणारी डिक्शनरी

परदेशी विद्यार्थ्यासाठी डिक्शनरी काढणारे हॉर्नबी पहिले नव्हते. आपल्या उपखंडातच एक काम झालं होतं. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाक्यात, शिक्षकांना शिकवायचे. बंगाली मुलांना बोलण्यापेक्षा इंग्रजी वाचता येण्याची जास्त गरज आहे, असं त्यांचं मत होतं. १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एन्डिकॉट यांच्यासोबत एक डिक्शनरी काढली. तिची खासियत म्हणजे जवळपास दीड हजार सोप्या शब्दांतच सगळे अर्थ सांगितले होते.

पण वेस्ट यांची डिक्शनरी मुख्यतः वाचणाऱ्यासाठी होती. हॉर्नबींना लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्यासाठी हवी होती.

१९३६ मध्ये पामर जपान सोडून मायदेशी परतले. संस्थेच्या संशोधनाची आणि तिच्या नियतकालिकाची जबाबदारी हॉर्नबींवर आली. त्यानंतर लवकरच डिक्शनरीचं काम सुरू झालं. सोबत जपानमध्येच शिकवणारे दोन सहकारी होते, ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफिल्ड.

या तिघांनी काय केलं?

एक म्हणजे नामांची विभागणी. कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं मोजता येत नाही, हे त्या त्या शब्दापाशीच दाखवलं. आज आपण ‘फर्निचर्स’ किंवा ‘इन्फॉर्मेशन्स’ म्हणालो की कोणीतरी टोकतं आणि काउंटेबल-अनकाउंटेबल असं काहीतरी सांगतं. ती खूण डिक्शनरीत शब्दाशेजारी बघायची सवय शिकणाऱ्यांना इथून लागली.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे क्रियापदांचे २५ साचे.

हे का महत्त्वाचं, ते एका उदाहरणावरून कळेल. ‘टेल मी द रूल’ बरोबर आहे. ‘शो मी द रूल’ बरोबर आहे. मग शिकणारा साहजिकच म्हणतो, ‘एक्सप्लेन मी द रूल’. आणि तिथे चुकतो. तिथे ‘एक्सप्लेन द रूल टू मी’ असंच लागतं. त्याचा तर्क चुकीचा नाहीये. त्याला फक्त कोणी सांगितलेलं नाही की ‘एक्सप्लेन’ त्या साच्यात बसत नाही.

हॉर्नबींनी प्रत्येक साच्याला नंबर दिला आणि क्रियापदाशेजारी ते नंबर छापले. नंबर बघायचा, सुरुवातीच्या पानांवर जाऊन साचा बघायचा आणि वाक्य बनवायचं. पुढे या साच्यांवर त्यांनी वेगळं पुस्तकच लिहिलं. त्याच्या १९७५ च्या सुधारित आवृत्तीत साचा नंबर एक कोणाला दिला माहितीये?

‘बी’ला. म्हणजे आपल्या ॲम, इज, आरला. त्याच्यामागे नाम, विशेषण किंवा ‘इन’, ‘हिअर’, ‘ओव्हर’ सारखं क्रियाविशेषण येऊ शकतं, इथून सुरुवात. सगळ्यात छोटा शब्द, सगळ्यात पहिला मान.

आणि मग युद्ध आलं

काही वर्षं हे काम चाललं. तोवर बाहेरचं जग बदललं होतं. जपान चीनमध्ये लढत होता. युरोपात महायुद्ध पेटलं होतं. जपानमध्ये इंग्रजी आणि इंग्रज दोन्हींबद्दलचं वातावरण बिघडत चाललं होतं. पोरांना ज्या देशाची भाषा शिकवायची, तो देश शत्रूच्या यादीत जात होता.

डिसेंबर १९४१. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच सुमारास मलाया आणि हाँगकाँग या ब्रिटिश ताब्यातल्या भागांवरही हल्ले सुरू झाले. जपान आणि ब्रिटन उघडपणे शत्रू झाले.

जपानमध्ये असलेल्या ब्रिटिश नागरिकांची धरपकड झाली. सतरा वर्षं जपानी पोरांना शिकवणारे हॉर्नबी रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आलं.

आता या टप्प्यावर डिक्शनरीचं काय झालं असेल?

कोणत्याही देशात, कोणत्याही काळात, अशा वेळी शत्रूची भाषा शिकवणारं, शत्रूच्या माणसांनी लिहिलेलं पुस्तक रद्दीत जायला हवं होतं. कागदाची टंचाई, संशयाचं वातावरण, आणि लेखक कैदेत.

पण तसं झालं नाही.

१९४२ मध्ये, ऐन युद्धात, टोकियोच्या कैताकुशा या प्रकाशन संस्थेने ती डिक्शनरी छापली. नाव होतं ‘इडिओमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी’. जपानी प्रकाशकाने, जपानी विद्यार्थ्यांसाठी, तीन इंग्रजांच्या नावाने.

म्हणजे समुद्रात दोन्ही देशांची जहाजं एकमेकांना बुडवत होती आणि टोकियोत ‘इज’ कसा वापरायचा हे सांगणारं पुस्तक बाहेर पडत होतं.

त्याच वर्षी हॉर्नबींची सुटका झाली आणि ते मायदेशी परतले. अठरा वर्षांपूर्वी पंचविशीत गेलेला माणूस चव्वेचाळिशीत परत आला. ज्या देशात उमेदीची वर्षं घालवली, तो देश आता शत्रू होता. ज्या पोरांना शिकवलं, त्यांच्यातले किती तरी जण आता सैन्यात असणार होते.

शत्रूच्या देशातलं पुस्तक जगभर गेलं

परतल्यावर हॉर्नबी थांबले नाहीत. ब्रिटिश कौन्सिलमध्ये रुजू झाले आणि इंग्रजी शिकवायला इराणला गेले. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, लंडनला परतून कौन्सिलचे भाषा सल्लागार झाले. १९४६ मध्ये त्यांनी ‘इंग्लिश लँग्वेज टीचिंग’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. इंग्रजी शिकवणाऱ्या जगभरातल्या मास्तरांनी एकमेकांशी बोलावं ही त्यामागची कल्पना. हे नियतकालिक आजही निघतं.

आणि डिक्शनरी?

१९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ती जपानी आवृत्ती उचलली आणि ‘अ लर्नर्स डिक्शनरी ऑफ करंट इंग्लिश’ या नावाने प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये नावात ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द आला. पुढे ‘ऑक्सफर्ड’ पण जोडलं गेलं.

होय, तीच. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. आपल्या कपाटातली.

म्हणजे आपण जिला अस्सल इंग्लंडची डिक्शनरी समजतो, तिचा जन्म इंग्लंडमध्ये झालाच नाही. ती जपानी पोरांच्या चुकांमधून तयार झाली. ऑक्सफर्डच्या विद्वानांना जे लिहायची गरज वाटली नव्हती, ते एका व्यापारी शाळेच्या वर्गात अडलेल्या मास्तरला वाटलं.

भारतात ती पोहोचली आणि रुजली. आपल्या आईवडिलांच्या पिढीत कोणी कॉलेजात इंग्रजी घेतलं असेल तर त्यांना ‘ईएलबीएस’ ही अक्षरं आठवतील. ब्रिटिश सरकारच्या अनुदानातून विकसनशील देशांसाठी स्वस्तात छापलेल्या पुस्तकांची ती योजना. हॉर्नबींची डिक्शनरीही त्या स्वस्त आवृत्तीत मिळायची. इंग्रजी माध्यमात शिकायची ऐपत नसलेल्या किती तरी पोरांनी ती जुनी घेतली, वापरली आणि धाकट्या भावंडांना दिली.

पैसे आले, मग काय केलं?

१९५० मध्ये हॉर्नबींनी ब्रिटिश कौन्सिल सोडलं आणि पूर्णवेळ लिहायला लागले. १९५४ मध्ये त्यांचं साच्यांवरचं पुस्तक आलं. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांची मालिका आली. डिक्शनरी देशोदेशी खपत होती. मास्तरच्या हातात पहिल्यांदा मोठा पैसा आला.

१९६१ मध्ये त्यांनी आपल्या कमाईचा मोठा हिस्सा काढून एक ट्रस्ट स्थापन केला. काम काय, तर ज्या देशांत इंग्रजी ही मातृभाषा नाही तिथल्या इंग्रजी शिक्षकांना पुढच्या शिक्षणासाठी मदत करायची. हॉर्नबी स्कॉलरशिप या नावाने ती मदत ओळखली जाते.

यातली गोम बघा. पैसे विद्वानांना नाही दिले, बक्षिसांना नाही दिले. मास्तरांना दिले. ज्यांच्यासमोर ओईतासारखाच वर्ग बसलेला असतो, पोरं हुशार असतात पण वाक्य अडतं, अशांना.

डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९६३ मध्ये आली, तिसरी १९७४ मध्ये. तेव्हा हॉर्नबी पंच्याहत्तरी ओलांडून पुढे गेले होते. १९७८ मध्ये त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. जगभरातल्या भाषातज्ज्ञांनी मिळून त्यांच्या सन्मानार्थ लेखांचं एक पुस्तक काढलं. त्याच वर्षी लाँगमन कंपनीची अशीच डिक्शनरी बाजारात उतरली, म्हणजे हॉर्नबींनी जे सुरू केलं त्याची आता स्पर्धा लागली होती.

ऐंशीवा वाढदिवस होऊन महिनाभर झाला आणि १३ सप्टेंबर १९७८ रोजी हॉर्नबी गेले.

पुढे त्यांच्या २५ साच्यांचे नंबर डिक्शनरीतून गेले. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत नंबरांच्या जागी अक्षरांच्या खुणा आल्या, नंतर त्याही सोप्या होत गेल्या. नंबर लक्षात ठेवणं विद्यार्थ्यांना जड जायचं, हे त्यामागचं कारण. पण शब्दासोबत तो वापरायचा कसा हे सांगायचं, ही मूळ गोष्ट कोणी काढली नाही. आज मोबाईलवर एखादा इंग्रजी शब्द शोधला आणि खाली उदाहरणाची वाक्यं दिसली, मोजता येतो की नाही ते दिसलं, तर त्या सवयीमागे ओईतातल्या वर्गाचाही वाटा आहे.

शेवटी मुद्दा काय?

आपल्याकडे इंग्रजी चुकलं की माणूस खजील होतो. मुलाखतीत एक ‘इज’ इकडचा तिकडे झाला की तोंड बंद होतं. गावाकडून आलेली पोरं वर्गात सगळं येत असूनही हात वर करत नाहीत, कारण वाक्य चुकलं तर लोक हसतील. कॉलेजात मी पण त्यातलाच होतो.

हॉर्नबींचं आयुष्य या सगळ्याला एक साधं उत्तर देतं. चूक झाली म्हणजे माणूस कमी पडला असं नाही. त्याला कोणीतरी एक गोष्ट सांगायची राहून गेलेली असते. ती शोधायची आणि सांगायची. एवढंच काम त्यांनी पन्नास वर्षं केलं. त्यातली काही वर्षं अशा देशात, ज्याने शेवटी त्यांना कैदेत टाकलं, आणि तरी त्यांचं पुस्तक छापलं.

तर यापुढे ग्रुपवर रविवारच्या कामाची विचारणा झाली, की ‘ॲम’ आधी आणि ‘ऑलवेज’ नंतर.

आणि रविवारी काम करायचंच नसेल, तर त्यासाठीही हॉर्नबींच्या साचा नंबर एकमध्ये सोय आहे. ‘आय ॲम आऊट’ टाका आणि फोन बाजूला ठेवा.